दोन तासांसाठी घातलेला जोड

३ मार्च २००५, गुरुवार

सर्व्हर परत बसला. दु. ३.१०. या आठवड्यातली तिसरी वेळ. संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या यायच्या आत उठवला, पण सकाळच्या फॅटच्या नोंदी पुन्हा माराव्या लागल्या. नोंदी भरणाऱ्या दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मीच जाऊन प्लग उपटलाय.

मॅनेजरसाहेब (इथून पुढे सा.) दारात उभं राहून म्हणाले, दूध संघात दूध नासायची भीती असते मॅडम, आपल्याकडे कॉम्प्युटर नासतोय. विनोद बरा होता. हसू आलं नाही.

यूपीएसचं म्हणणं सरळ आहे. बाहेरून येणारं व्होल्टेज फार चढतं, म्हणून तो लाइन सोडून बॅटरीवर जातो. पंचवीस मिनिटांत बॅटरी संपते आणि सगळंच झोपतं. यूपीएस बिचारा बरोबर वागतोय. का चढतंय, ते शोधायचं. उद्यापासून दर तासाला तिन्ही फेज मोजून वहीत.

७ मार्च, सोमवार

आकडे जमले. सकाळी ९ ला तिन्ही फेज शहाण्या मुलांसारखे, २३० च्या आसपास. दुपारी पंखे-कूलर लागले की पिवळा २६८ वर, लाल १९५ ला खाली. यूपीएस पिवळ्यावर होता म्हणून शुक्रवारी तो निळ्यावर टाकला. दोन दिवस सुख. आज निळा चढला. म्हणजे दुखणं फेजचं नाही.

आणखी एक. ओल्या फरशीवर उभं राहून सर्व्हरच्या कपाटाला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. दोघी म्हणाल्या, आमाला तर महिनाभर येत्यात, तुमाला काय सांगायचं म्हणून नाय सांगितलं. धन्य आहे.

आळेफाट्यावर एस.टी. भरून आली, डिंगोऱ्यापर्यंत उभी. जेवताना आप्पांनी विचारलं, आज किती वाजता बसला? सर्व्हर म्हणजे काय ते त्यांना नीट ठाऊक नाही, पण तो बसतो हे पाठ झालंय. माझे वडील, चाळीस वर्षं वायरमन. ओतूर-डिंगोरे भागातली निम्मी घरं आणि मोटारी त्यांच्या हातच्या. दोन वर्षांपासून हात कापतात म्हणून काम सोडलं, सवय सुटलेली नाही. ताटात वाढलेली भाजी सोडून माझे आकडे ऐकत बसले. मग म्हणाले, उनाळा हाय. एवढंच. पुढं काही बोलतील म्हणून मी थांबले, तर ते पाणी पिऊन उठले.

१० मार्च, गुरुवार

पुण्याहून यूपीएसचा इंजिनियर. हसतमुख, भरभर. यूपीएस ठीक, बॅटऱ्या ठीक. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावलं, शून्य आलं, तर म्हणाला, बघा, अर्थिंग फर्स्ट क्लास. चहा घेतला, सही घेतली, गेला.

पण मला ते शून्य आवडलं नाही. चांगल्या इमारतीतसुद्धा एखाद-दोन व्होल्ट दिसतात. इथं दुपारी फेज नाचत असताना ठार शून्य. म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ कुठंतरी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत. त्यांनी तसं या इमारतीत बसायचं नसतं.

१५ मार्च, मंगळवार

गेनूभाऊंनी कोडं सोडवलं, तेही भाकरी खाता खाता. गेनूभाऊ टँकर धुतात, संघ निघाल्यापासून आहेत.

वहीत दोन दिवस असे सापडले की दुपारभर फेज हलले नाहीत: बुधवार ९ आणि शनिवार १२. त्या दिवशी वेगळं काय झालं, सगळ्यांना विचारत फिरले. कुणाला आठवेना. गेनूभाऊ म्हणाले, "नव्या रॅम्पची मोटार दोनदा बिगडली व्हती ना ताई. मग दोन दिस जुन्या जागी धुतल्या गाड्या, मागल्या भित्तीकडं."

मागच्या भिंतीकडे इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा आहे. फेब्रुवारीपर्यंत रोज टँकरचं पाणी तिकडेच मुरायचं. नवा सिमेंटचा रॅम्प पलीकडे झाला आणि खड्डा वाळला. खड्डा ओला तर सर्व्हर सुखी, वाळला तर खाली.

पण अर्थिंग वाळल्यावर फेज का नाचावेत? अर्थिंग अडीअडचणीला असतं. रोजचा भार न्यूट्रलच्या परतीच्या तारेने उचलायचा, त्याने नव्हे. कुणीतरी त्याला कामाला जुंपलंय.

१९ मार्च, शनिवार

आज पुरावा मिळाला. खिडकीतून लांब वायर टाकून बागेच्या टोकाला सळई ठोकली. इमारतीचं अर्थिंग आणि खरी जमीन यांच्यात मीटर लावलं. ३८ व्होल्ट. झिणझिण्या त्याच्याच.

मग ऑफिस सुटल्यावर मेन बंद करून पॅसेजमधल्या पॅनेलची मागची पाटी काढली. ही पाटी बहुतेक इमारत झाल्यापासून कुणी काढली नसावी. आत न्यूट्रलच्या पट्टीवरून एक जाड तांब्याची तार थेट अर्थिंगवर नेलेली. जोड सुरेख. सात वेढे, एकाला एक चिकटून. आणि तारेचं टोक आत दुमडलेलं.

त्या टोकावरून बोट फिरवलं.

असं टोक एकच माणूस दुमडतो. पुढच्या माणसाच्या हाताला टोचू नये म्हणून. मला वायर धरायला शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. जोड कुणाला दिसणार नसला तरी टोक आत.

या इमारतीचं काम आप्पांनी केलंय हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तीन वर्षं मी इथं नोकरी करतेय. एका शब्दाने बोलले नाहीत.

पाटी परत लावली. सहाही स्क्रू.

२० मार्च, रविवार

घरी. आप्पा ओट्यावर शेजारणीचा मिक्सर उघडून बसलेले. स्क्रू भोकाशी नेतात आणि हात कापून बाजूला जातो. चारदा. मी बघत नाहीये असं दाखवलं. पाचव्यांदा म्हणाले, "धर गं जरा." धरला. मिक्सर लागला. शेजारीण म्हणाली, आप्पांचा हात लागला की झालं. ते खूश झाले. मी विचारणार होते, नाही विचारलं.

न्यूट्रल तुटला की गावाकडं कुणी थांबत नाही. जमिनीत सळई ठोकायची, मीठ-कोळसा टाकायचा, बादलीभर पाणी ओतायचं, दिवे लागतात. आमच्या वस्तीत जयंतीची रोषणाई आप्पांनी कित्येक वर्षं अशीच निभावलीय. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी जाऊन सळई उपटून आणायचे. पोरंबाळं फिरतात, गुरं फिरतात, ती तशी ठेवायची नाही. लहानपणी मी मागोमाग जायचे.

तोच माणूस हा जोड इतकी वर्षं ठेवून कसा विसरला? हे लोकांना कळलं तर? लोक म्हणतील, रामदास वायरमनने संघाची इमारत चुकीची जोडली. आयुष्यभर त्यांनी नावाशिवाय काही कमावलं नाही. हात गेले, आता नावही जायचं, आणि तेही माझ्या रिपोर्टमुळं.

२२ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या. पिवळा २६८ वरून २३९. कालही ओतल्या होत्या. सर्व्हर बसला नाही.

सा. ना सांगितलं, उन्हाळ्यामुळं अर्थिंग वाळलंय. खोटं नाही. अर्धं खरं आहे. सा. म्हणाले, मग तुम्ही कशाला बादल्या उचलता, गेनूभाऊ रोज ओततील. लगेच बोलावून सांगितलंसुद्धा.

२८ मार्च, सोमवार

आठ दिवस एकदाही बसला नाही. मीटिंगमध्ये सा. नी कौतुक केलं. पुण्याच्या इंजिनियरला जमलं नाही ते आमच्या मॅडमनी बादलीभर पाण्यात केलं. टाळ्या. चहाबरोबर बिस्किटंही होती. माझं बिस्किट मी बशीत तसंच ठेवलं.

उन्हाळा काढायचा, मग पावसाळ्यात ओल असतेच. असा हिशेब करतेय मी. माझी मलाच इतकी चीड कधी आली नव्हती.

४ एप्रिल, सोमवार

गेनूभाऊंना शॉक बसला.

दुपारी अडीच. बाकीच्यांनी सांगितलं ते असं: लोखंडी बादली, अनवाणी पाय, खड्ड्याभोवती सगळा चिखल. खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाइपला बादली टेकली. फेकले गेले. मी धावत गेले तेव्हा भिंतीला टेकून बसले होते, डावा हात मांडीवर घेऊन. शुद्धीत. डॉक्टर म्हणाले मनगट मुरगळलंय, बाकी ठीक, नशीब.

मला बघून तेच म्हणाले, "घाबरू नका ताई. मुंग्या तर रोजच यायच्या पायाला. म्हनलं आसंल."

रोज यायच्या. आणि मी त्यांना रोज तिथं पाठवत होते. एकाचं नाव राखायला दुसऱ्याचा जीव खड्ड्याशी नेऊन उभा केला.

पाणी बंद करायला सांगितलं. खड्ड्याभोवती दोरी बांधली. सर्व्हर बसला तर बसू दे.

५ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. रविवारी एकटीने येऊन तो जोड तोडायचा. दोन मिनिटांचं काम. ना रिपोर्ट, ना नाव. आप्पांना कळायलाच नको.

६ एप्रिल, बुधवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

संध्याकाळी आप्पा अंगणात बसले होते. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, एखाद्या इमारतीत कुणी न्यूट्रल आणि अर्थ बांधून ठेवलेला असला तर तोडताना काय बघावं?

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तोडू नको."

मी त्यांच्याकडे वळले.

"त्यो जोड मीच घातलाय. दोन तासांसाठी घातला व्हता. चौदा वर्सं झाली."

मग हळूहळू सांगितलं. इमारतीच्या उद्घाटनाचा दिवस. ट्रान्सफॉर्मरवर ऑफिसच्या केबलची न्यूट्रलची पकड, म्हणजे क्लॅम्प, तेव्हाच ढिली होती. नवी पकड संघाने मागवलेली, दुपारी येणार होती. तोवर दिवे फडफडू नयेत म्हणून त्यांनी न्यूट्रलला अर्थिंगचा आधार दिला. दुपारी पकड बदलायची आणि जोड काढायचा. एवढंच. ती पकड कधीच बदलली नाही. आतापर्यंत गंजून गेली असणार. म्हणजे सगळा न्यूट्रल चौदा वर्षं त्या एका तारेवरून जमिनीत उतरतोय.

"आदी लायनीचा न्यूट्रल पक्का जोडून घे. मग जोड काड. नुसता जोड तोडलास तर चारशे व्होल्ट घुसत्याल. समदी मशिनं जळत्याल. तूबी तिथंच उभी असशील."

रविवारी मी तेच करणार होते.

विचारलं, दुपारी परत का नाही गेलात? ते चप्पल झटकत बसले. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा तरी सांगायचं. तर म्हणाले, "तुला तिथं खुर्ची मिळाली. तुझ्या खुर्चीमागं माझंच काम अर्धं ऱ्हायलंय, हे कुठल्या तोंडानं सांगू?" आणि थोड्या वेळाने, "बाजाराला आलो की मागल्या भित्तीकडून चक्कर मारायचो. खड्ड्यात वल हाय का बघायला."

मला वाटायचं ते आळेफाट्याला मला भेटायला येतात. तशीही भेट व्हायची. पेरू आणायचे.

गेनूभाऊंचं सांगितलं. आप्पा एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांचा हात हातात घेतला. कापत होता, कापू दिला. मी लहानपणानंतर त्यांचा हात असा धरल्याचं आठवत नाही.

७ एप्रिल, गुरुवार

परत का गेले नाहीत, ते आईने सांगितलं. भाकरी थापता थापता, तव्याकडे बघून.

पॅनेलची पूजा होती. नारळ, हार, भटजी. कमिटीतले एकजण (आता हयात नाहीत) आप्पांना म्हणाले, तुझं झालं ना, मग पूजा होईपर्यंत बाहेर थांब. सगळ्या माणसांत. पॅनेल ज्याने उभं केलं तोच बाहेर. आप्पा पायरीवर उभे राहिले. आतून प्रसाद वाटल्याचा आवाज आला. मग हत्यारांची पिशवी तशीच आत ठेवून घरी चालत आले. चालत, आळेफाट्यापासून डिंगोऱ्यापर्यंत. पिशवी आणायलाही परत गेले नाहीत, नवी घेतली. जेवले नाहीत.

आई म्हणाली, "तुला सांगू नको म्हनले व्हते. पोरगी शिकतीया, तिच्या डोक्यात कशाला, म्हनले."

मी चुलीशेजारी बसून रडले. आईने रडू दिलं, मग पीठ मळायला लावलं.

८ एप्रिल, शुक्रवार

आधी गेनूभाऊंच्या घरी गेले. पाणी ओतायला लावलं तेव्हा धोका आहे हे मला कळायला हवं होतं, आणि का गप्प बसले तेही, सगळं सांगितलं. ते हातावरची पट्टी चाचपत राहिले. म्हणाले, "पूजेच्या दिवशी मी तितंच व्हतो ताई. पायरीवर उभं ऱ्हायलेलं मी बगितलं त्यांना. मीबी काय बोललो न्हाई." चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

मग सा. ना रिपोर्ट दिला. दोन पानं. दोष, कारण, उपाय: न्यूट्रलची पकड बदलणे, नवा अर्थिंगचा खड्डा, मग जोड काढणे. याच क्रमाने.

सा. म्हणाले, नाव कशाला, 'जुने वायरिंग' लिहा. मीही परवापर्यंत तेच म्हणत होते. पण काल आप्पांनी बजावलंय, "नाव लिही. काम माजं हाय." म्हणून नाव आहे. आणि काम अर्धं का राहिलं तेही एका ओळीत आहे, ते आप्पांनी सांगितलेलं नाही, मी लिहिलंय. सा. त्या ओळीपाशी थांबले. चष्मा काढून पुसला. ते इथं सहा वर्षांपूर्वी आलेत, त्यांचा यात काय दोष. मग म्हणाले, ही ओळ संचालकांपुढे जाईल का ते मला आज सांगता येत नाही. पण तुमच्या वडिलांना विचारा, जोड ते स्वतः येऊन काढतील का. तुमच्या सोबतीला. आत येऊन.

आप्पांना सांगितलं. "बगू," म्हणाले.

१० एप्रिल, रविवार

न्यूट्रलची पकड बदलली. ट्रान्सफॉर्मर आवारात उघड्यावरच आहे. आप्पा आले. मला न सांगता पाठीमागून दुसऱ्या गाडीने.

जुनी पकड हातात घेतली तर पापडासारखा भुगा. लाइन सुरू केल्यावर दुपारी कडक उन्हात, पंखे-कूलर सगळे लावून मोजलं: २३१, २२९, २३२. आप्पांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी परत वाचायला लावले. गेनूभाऊ एका हाताने चहा घेऊन आले. दोघं गुलमोहराखाली बसले.

मी म्हटलं, आत चला, जिथं बसते ती जागा दाखवते. आप्पा म्हणाले, गाडी चुकंल. पुढची गाडी दीड तासाने होती, हे त्यांनाही माहीत होतं.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. वस्तीतल्या पोरांनी जनरेटर भाड्याने आणला, तयार माळा. विहारासमोर झगमगाट. आप्पा पांढरा सदरा घालून खुर्चीवर. पोरांनी बटण त्यांच्याकडूनच दाबून घेतलं. दाबताना बोट दोनदा घसरलं, पोरं थांबली, कुणी हसलं नाही. लई माया आली मला त्या पोरांची.

घरी येताना आप्पा मधेच म्हणाले, त्या पॅनेलात निळ्या फेजची वायर जरा आखूड पडली व्हती, ताण आसंल तिच्यावर, बग. चौदा वर्षांपूर्वीची वायर. म्हटलं, तुम्हीच बघा येऊन. चालत राहिले.

१९ एप्रिल, मंगळवार

नवा खड्डा झाला. मागच्या भिंतीपासून लांब, भोवती कठडा. मोजला, उत्तम. आता फक्त जोड काढायचा. रविवार ठरलाय. ऑफिसचा मेन दिवसभर बंद, सर्व्हरही आधीच व्यवस्थित बंद करून ठेवणार. सा. नी तशी नोटीस लावली. खाली काम करणाऱ्यांची नावं लिहिलीत: माझं, आणि त्याच्या वर 'श्री. रामदास, वायरमन'. मला विचारलंही नाही.

रिपोर्टमधल्या त्या ओळीचं काय झालं ते कळलेलं नाही.

मी ती नोटीस आप्पांना सांगितली नाही, फक्त दिवस सांगितला. त्यांना ओढून न्यायचं नाही असं ठरवलंय. ते आले नाहीत तर जोड मी काढेन, मला येतो. पण तो मी काढला तर ते काम माझं होईल, आणि त्यांचं अर्धं ते अर्धंच राहील.

२४ एप्रिल, रविवार

ऑफिसमध्येच लिहितेय, पॅसेजमध्ये फरशीवर बसून. ११.२०.

सकाळी आप्पा माझ्या आधी उठून आंघोळ करून बसले होते. बरोबर आले. फाट्यावर उतरल्यावर म्हणाले, रबरी चप्पल घातलीया, आत चालंल ना? म्हटलं, पॅनेलचं काम करणाऱ्याने घालायचीच असते. मान हलवली. आवारात आल्यावर गुलमोहराखाली गेनूभाऊंजवळ बसले. तू व्हय पुडं, म्हणाले.

मेन बंद केला. तीनदा तपासला. पाटी काढली. जोड समोर आहे, टोक आत दुमडलेलं. पक्कड पाटीवर ठेवलीय, मूठ दाराच्या बाजूला करून. त्यांचा हात कापला तर मनगट धरायचं, नाही कापला तर बॅटरीचा उजेड. दोन्हीची तयारी आहे.

एकदा वाटलं उठून हाक मारावी. त्या दिवशी त्यांना एकाने बाहेर थांब म्हटलं होतं, आज मी आत या म्हणायचं. पण यायचं की नाही ते आता कुणी दुसऱ्याने सांगायला नको. माझा जीव त्या दारात अडकलाय, तरी बसून आहे.

११.४५. बाहेर गेनूभाऊंचा आवाज बंद झाला.

कुणीतरी पायरीवर येऊन थांबलंय. सावली पॅसेजमध्ये आलीय, माझ्या वहीपर्यंत नाही. मी मान वर करत नाही. लागू दे जेवढा वेळ लागेल तेवढा. लाइट आज दिवसभर बंदच आहे.